आवणीच्या दिवसांतली तलफ

सकाळी सव्वासहा

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत माणूस घरात गाठायचा तर सातच्या आत पाड्यावर पोचावं लागतं. एकदा बाया-माणसं चिखलात उतरली की दिवस मावळेपर्यंत घरात म्हातारी आणि लेकरं तेवढी राहतात. म्हणून जुलैत माझा दिवस उपकेंद्राच्या वेळेआधीच सुरू होतो. मी समुदाय आरोग्य अधिकारी. जव्हार तालुक्यात वांगणीच्या बाजूचे पाडे माझ्याकडे आहेत. पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, ग्लुकोमीटर, टॉर्च, तोंड तपासायच्या लाकडी पट्ट्या, हातमोजे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सीबॅकचे, म्हणजे आजारांचा धोका जोखायचे, फॉर्म. आशाताई वळणावर इरलं घेऊन उभी असते. छत्री इथल्या वाऱ्याला टिकत नाही.

वांगणीचं नाव महाराष्ट्रभर पोचलं ते १९९२-९३मध्ये. वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभराहून जास्त बालकं दगावली, मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्या इथवर आल्या, आणि तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटलं की लोकांना आधी कुपोषण आठवतं. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. आजही आमचं काम वजनकाटा, दंडघेर आणि लोहाच्या गोळ्या यांच्याभोवतीच फिरतं. तंबाखूविषयी त्या मानाने फारच कमी बोललं जातं. माझ्या लेखी ही दोन वेगळी कामं नाहीत. आजचा दिवस लिहून काढते आहे तो त्यासाठीच.

सात

पहिल्या घरी ओटीवर बाबा तंबाखू मळत बसलेले. डाव्या तळव्यावर चिमूट, नखाने चुना, अंगठ्याने रगडणं, दोन थापट्या, आणि बार खालच्या ओठात. आम्ही चढून येताच त्यांनी चंची पुढे केली. इथे आल्यागेल्याला आधी पाणी आणि मग तंबाखू विचारतात. तो मान आहे, आणि तो झिडकारून चालत नाही. मी हात जोडले, पाणी घेतलं आणि फॉर्म काढला.

सीबॅकच्या फॉर्ममध्ये तिशीपुढच्या प्रत्येकाला वय, व्यसन, कमरेचा घेर, घरातले आजार असे प्रश्न विचारतात आणि उत्तराला गुण असतात. तंबाखू कधीच नाही तर शून्य, अधूनमधून किंवा पूर्वी घेत असेल तर एक, रोज तर दोन. बेरीज चारच्या वर गेली की तपासणी आधी करायची. बाबांची बेरीज चारच्या वर गेली. टॉर्च लावून मी गालाची आतली बाजू, हिरडी, जिभेखालचा भाग पाहिला. बार ठेवतात त्या जागी पांढुरका, सुरकुतलेला चट्टा होता. पुसून जात नव्हता.

“दुखत नाय,” बाबा म्हणाले.

दुखत नाही म्हणूनच माणूस दाखवायला येत नाही. त्यांना मी चुन्याचं काम समजावून सांगितलं. चुन्यामुळे तोंडातला आंबटपणा मोडतो आणि निकोटिन गालाच्या अस्तरातून भराभर रक्तात उतरतं. म्हणून चुन्याशिवाय तंबाखू त्यांना फिकी लागते. तोच चुना रोज त्याच जागी अस्तर पोळत राहतो. बाबांनी सगळं ऐकलं. शुक्रवारी जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालयात दंतवैद्यांना दाखवायचं ठरलं. आशाताई सोबत जाईल.

साडेसात

पुढच्या घरात पाच महिन्यांची गरोदर सून. वजन वाढायला हवं तेवढं वाढलेलं नाही. चुलीजवळच्या फळीवर मिश्रीचा डबा. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर, रात्री निजताना, आणि मध्ये कधी कंटाळा आला तर. घरातल्या आजी, सासू, सून सगळ्या त्याच डब्यातून घेतात. बाईमाणसाने विडी ओढली तर लोक बोलतील. मिश्रीला कोणी व्यसन म्हणतच नाही. दात घासायचं साधन म्हणून ती घराघरांत मुरली आहे.

सून म्हणाली, “ती लावली नाय तर पोट साफ होत नाय. आणि लावली म्हंजे भूक पण थांबते, काम उरकता येतं.”

भूक थांबते. हे वाक्य मी या पाड्यांवर वेगवेगळ्या तोंडून ऐकते आणि दर वेळी हातातलं पेन थांबतं. ज्या भागात बाळाच्या एकेक ग्रॅमसाठी सरकार, अंगणवाडी, आशा, नर्स सगळे झटतात, तिथे आईची भूक मारणारी पूड फळीवर उघडी ठेवलेली असते. भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक चौरस जेवण मिळतं. ते जेवण समोर असताना सुनेला भूकच नसेल तर?

याचा अभ्यास झालेला आहे, तोही आपल्याच मुंबईत. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या. २००४ साली तो अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मिश्रीवाल्याच सगळ्यांत जास्त होत्या. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. शहरातल्या बऱ्यापैकी अंगाच्या बाईच्या बाळाला १०५ ग्रॅम कमी पडले तर ते कदाचित निभावून नेईल. वांगणीच्या बाजूला बाळ आधीच अडीच किलोच्या काठावर असतं. तिथे हे १०५ ग्रॅम त्याला कमी वजनाच्या रकान्यात ढकलतात.

मी हे आकडे सासूलाही सांगितले, कारण डबा तिच्या हातात असतो. सुनेला औषध म्हणून काहीच देता येत नाही. गरोदरपणी निकोटिनची गोळी किंवा गम डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. तिच्यासाठी साधा उपाय सांगितला: सकाळची मिश्री आधी बंद, त्या जागी करंजाची काडी, आणि डबा चुलीजवळून उचलून आजीच्या खोलीत. सासू म्हणाली, “माझी पण कमी करते मग.” ती खरंच करेल का ते पुढच्या भेटीत कळेल. पण सुनेला एकटीला सांगून या घरात काही होत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

पावणेनऊ

पाऊस थोडा उघडला. खालच्या खाचरात आवणी चालू होती आणि बांधावर चार पोरं न्याहारीला बसली होती. त्यांतला एक भिवंडीच्या गोदामात कामाला असतो, आवणीसाठी सुट्टी टाकून आला होता. त्याच्या हातात बोटभर लांबीची जांभळी नळी होती. ओढली की टोकाला निळा दिवा लागतो आणि आंब्याचा गोड वास पसरतो.

“मॅडम, हिच्यात तंबाखू नाय ना? मला गुटखा सोडायचाय. पण यांत लय प्रकार असतात. नवीन माणसाने कुठली घ्यावी? जरा चांगल्यातली सांगा.”

प्रश्न अगदी मनापासून विचारलेला होता. त्याला गुटखा सोडायचा आहे, हे वाक्य मला या कामात सोन्याच्या मोलाचं वाटतं. म्हणून मी त्याला रागावले नाही, की “ते वाईट असतं” एवढं बोलून पुढेही गेले नाही. बांधावर बसले आणि पूर्ण उत्तर दिलं.

या नळीला ई-सिगारेट किंवा वेप म्हणतात. तिच्यात एक लिथियमची बॅटरी, एक तापणारी तार म्हणजे कॉइल, कापसाची वात आणि द्रव असतो. द्रवात प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास आणि निकोटिन. ओढलं की तार तापते, द्रवाचे बारीक थेंब होतात आणि ते फुप्फुसात जातात. लोक त्याला वाफ म्हणतात, पण पातेल्यावरची पाण्याची वाफ ती नव्हे. वात कोरडी पडून तार जास्त तापली तर फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थ तयार होतात. आजची ई-सिगारेट होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३च्या सुमारास काढली. तो स्वतः खूप सिगारेट ओढायचा.

तंबाखूचं पान हिच्यात नाही, हे खरं. निकोटिन मात्र आहे. त्याने खोका दाखवला, त्यावर पाच टक्के असं लिहिलं होतं. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. जिथे ही वस्तू कायदेशीर आहे त्या युरोपीय संघात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर निकोटिन विकायला परवानगी नाही. म्हणजे तिथेही ही नळी दुकानात ठेवता आली नसती.

“पण परदेशात डॉक्टर लोक देतात म्हंजे,” त्याने विचारलं. त्याचा मोबाईल त्याला बरंच काही दाखवतो, आणि ते सगळं खोटं नसतं. ब्रिटनमध्ये २०२३ साली सरकारने दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना वेपचं किट द्यायची योजना जाहीर केली. तिथल्या आरोग्यसेवेचं म्हणणं असं की सिगारेट पूर्ण सोडून याच्याकडे वळलं तर धोका कमी होतो. सिगारेट सोडवायला निकोटिनवाली ई-सिगारेट उपयोगी पडते, असं अनेक चाचण्या एकत्र पाहणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्यातही आढळलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र व्यसन सोडण्याचं साधन म्हणून तिची शिफारस केलेली नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं. लपवून ठेवलं असतं आणि त्याने उद्या मोबाईलवर वाचलं असतं, तर माझ्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास गेला असता.

पण तो पुरावा सिगारेट जाळणाऱ्या माणसांचा आहे. याचं व्यसन गुटख्याचं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते, आणि याचा त्रास तोंडात आहे. त्याला विचारलं, ही नळी आल्यापासून पुड्या किती कमी झाल्या? तो गप्प बसला. शेजारचा म्हणाला, “कमी कुठं, दोन्ही चालू.” याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. निकोटिन चोवीस तास हाताशी आलं, गोदामात जिथे थुंकता येत नाही तिथेही ओढता आलं, आणि एक व्यसन जाण्याऐवजी दुसरं शेजारी येऊन बसलं.

आता “चांगल्यातली कुठली” याचं उत्तर. जिथे विक्रीला परवानगी आहे तिथे घेणारा निकोटिनची ताकद बघतो, सीलबंद बाटली बघतो, बॅटरीची सुरक्षा, बनवणाऱ्याची नोंदणी बघतो. आपल्याकडे यातलं काहीही पडताळून पाहायची सोय नाही. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी संसदेत कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात, सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे भारतात जी मिळते ती प्रत्येक नळी चोरट्या वाटेने आलेली असते. आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अमेरिकेत २०१९मध्ये वेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं किंवा त्यांचा मृत्यू झाला. मृत्यूंचा आकडा ६८ होता. त्यातल्या बहुतेकांनी गांजातलं टीएचसी असलेला माल वापरला होता, आणि तो बऱ्याचदा ओळखी-पाळखीतून, चोरबाजारातून आला होता. त्यात व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेलं निघालं. याच्या नळीत ते असेल असं मी म्हणत नाही. पण बिनओळखीच्या हातून आलेला द्रव फुप्फुसात घेणं काय असतं, ते त्या माणसांनी भोगलं.

म्हणून माझं उत्तर स्पष्ट होतं: नवीन माणसासाठी यात चांगली अशी नाही. तुला गुटखा सोडायचा आहे ना, मग सोडायची साधनं आहेत, ती कायदेशीर आहेत, त्यांच्यावर किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. दुपारी उपकेंद्रात ये.

तिथेच चौथा पोरगा होता, सतराचा असेल. त्याने कधी विडी ओढलेली नाही, पुडी खाल्लेली नाही. त्यानेही मघाशी ती नळी ओढली होती, वास चांगला आहे म्हणून. मला खरी काळजी त्याची वाटली. गुटखेवाल्याला सोडायचं काहीतरी आहे, याला तर नव्याने लागेल. आमच्या फॉर्ममध्ये तो कुठेच बसत नाही, कारण तपासणी सुरू होते तिशीला. आणि फॉर्मवरच्या प्रश्नात वेपचं नाव नाही. आजपासून मी माझ्या वहीत वेगळा रकाना पाडला आहे, तिशीच्या आतल्यांसाठी.

साडेअकरा

उपकेंद्रात ओपीडी. सर्दी-ताप, पायाला चिखल्या, एक विंचूदंश, दोन गरोदर बाया. विंचवाच्या रुग्णाला प्राथमिक उपचार करून रुग्णवाहिकेने पुढे पाठवलं. त्यात तास गेला.

साडेबारा

गुटखा सोडू पाहणारा तो भिवंडीचा पोरगा आला. येईल असं मला वाटत होतं, तरी आल्यावर बरं वाटलं. आधी तोंड तपासलं. तोंड पूर्ण उघडून समोरच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी घालायला सांगितली. दोन गेली, तिसऱ्याचं टोक अडकलं. गालाची आतली बाजू पांढरट, ताठर, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात. तिखट लागतं का, विचारलं. “भाकरीबरोबर मिरची खाता येत नाय आता,” तो म्हणाला. वय बावीस.

हा सुपारीचा परिणाम. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात: गालाखालच्या ऊती घट्ट होत जातात, तोंड उघडायचं कमी होतं, आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. झालेली ताठरता पूर्ण मागे फिरत नाही, पण सुपारी थांबवली तर वाढ रोखता येते. नळीने यातलं काहीही सुटणार नव्हतं. गुटखा सोडून नुसती सुपारी खाल्ली तरी सुटणार नाही, हे मी दोनदा सांगितलं. “साधी सुपारी चालते” असं इथे सर्रास समजतात.

ई-संजीवनीवर, म्हणजे ऑनलाइन सल्ल्याच्या सेवेवर, डॉक्टरांना जोडलं. नेटवर्क खिडकीपाशीच येतं, म्हणून त्याला खिडकीत उभं केलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो नेमका: उठल्यावर पहिली पुडी किती वेळाने? तो म्हणाला, “संडासला जायच्या आधी.” उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तलफ येत असेल तर निकोटिनची पकड घट्ट असते आणि डोस त्यानुसार ठरतो. निकोटिनचा गम दोन ताकदींत येतो. दोन मिलिग्रॅमचा मेडिकलमध्ये मिळतो, चार मिलिग्रॅमचा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. पण याचं तोंड उघडत नाही, जबडा दुखतो, त्याला गम चावायला लावणं बरोबर नाही. डॉक्टरांनी लॉझेंज सांगितली. ती चावायची नाही, गालात ठेवून हळूहळू विरघळू द्यायची, मधूनमधून जागा बदलायची.

मग मी वापरायची पद्धत समजावली, कारण औषध फसतं ते इथेच. घेण्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही, लिंबू नाही, काही आंबट नाही. चुना तंबाखूत जे करतो त्याच्या उलट चहा-लिंबू करतात: तोंड आंबट होतं आणि निकोटिन शोषलं जात नाही. मग माणूस म्हणतो, गोळीचा उपयोग नाही, आणि पुडी फोडतो. ज्यांना गम दिला आहे त्यांनाही मी हेच सांगते, शिवाय गम च्युइंगगमसारखा चघळत बसायचा नाही. चार-पाच वेळा चावायचा, जिभेला चुरचुरलं की गालात ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. सतत चावला की निकोटिन पोटात जातं, मळमळतं आणि उचकी लागते. साधारण बारा आठवड्यांत संख्या कमी करत नेऊन बंद करायचं.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड, झोप नाही, हात सारखा खिशाकडे. ते ओसरायला दोन ते चार आठवडे जातात. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ ढकलायचा: पाणी प्यायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, हाताला काम द्यायचं. आवणीत हाताला काम भरपूर आहे, म्हणून मी म्हटलं, भिवंडीला परत जाण्याची वाट पाहू नको, इथेच सुरू कर. गोदामात पुडी देणारे दहा हात असतात. इथे चिखलात वाकलेल्याला पुडी फोडायला कोरडे हात लागतात.

जव्हारला कोणत्या मेडिकलमध्ये लॉझेंज आहे, ते फोन करून विचारलं. शुक्रवारी बाबांबरोबर हाही जाईल. दंतवैद्यांना गरज वाटली तर पुढे परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी मिळेल.

दुपारी दोन

भाकरी, अळूचं फदफदं. टॅबवर नोंदी.

तीन

शाळा. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पिवळी रेघ आहे. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि अठराच्या आतल्या मुलाला तर कुठेही विकता येत नाही. बाल न्याय कायदा याहून कडक आहे: मुलाला तंबाखू किंवा नशेचा पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, कारण बाबांसाठी पुडी आणायला त्यांनाच तर पाठवतात.

आज मी मुलांना नळीचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं. शिक्षकांनाही ओळख पटावी म्हणून. ती पेनासारखी, पेनड्राइव्हसारखी असते, आणि दप्तरात सापडली तरी कोणाला कळत नाही. मुलांच्या मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. त्या काळात निकोटिनची सवय लवकर लागते आणि घट्ट बसते. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, मिश्री पण तंबाखूच ना? मग आय मला का लावायला देते?” उत्तर तिला द्यायचं तसं तिच्या आईलाही द्यायला हवं. पुढच्या बैठकीला आयांना बोलवायचं मुख्याध्यापकांशी ठरवलं.

पावणेपाच

परतीच्या वाटेवर दुकान. बिस्किटाच्या पुड्यांशेजारी तंबाखूच्या पुड्यांची माळ. दुकानदाराला विचारलं, नळी मागायला कोणी येतं का? “येतात पोरं विचारायला. एक माणूस माल द्यायला पण तयार आहे, शहरातला.” त्याला कायदा सांगितला, दंडाचे आकडे सांगितले. ५० हजार हा आकडा त्याला लगेच कळला. दुकानातला सगळा माल विकला तरी तेवढे येणार नाहीत. सुटी सिगारेट आणि विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२०पासून बंदी आहे, हेही त्याला माहीत नव्हतं.

माल थांबवायचा तर दुकानदाराला शत्रू समजून भागत नाही. त्याच्याशी नीट बोलून ठेवलं तर तोच मला सांगतो, कोणी काय आणलं आहे ते.

साडेसात

भिवंडीचा पोरगा फोनवर. दुपारपासून एकही पुडी नाही, पण डोकं ठणकतंय, घरात आईवर ओरडला. मी सांगितलं, हे ठरल्याप्रमाणेच चाललं आहे. पाणी पी, लवकर नीज, सकाळी उठल्या उठल्या पुडीच्या वेळेला शेताकडे निघ. नळीचं काय केलंस? ती त्याने अजून टाकलेली नाही. मग निदान लहान बहिणीच्या हाताला लागणार नाही अशी ठेव, म्हटलं. तो द्रव पोटात गेला तर लेकराला विषबाधा होते. आणि चुलीत टाकू नकोस, बॅटरी फुटते.

त्याला क्विटलाइनचा नंबर आधीच दिला आहे. माझा फोन पावसात बंद असतो, त्यामुळे दुसरं कोणीतरी बोलायला असणं गरजेचं. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन २०१६पासून चालू आहे, आणि मुंबईचं टाटा रुग्णालयही तिच्या कामात आहे. पलीकडे समुपदेशक असतात. ते सोडण्याची तारीख ठरवून देतात आणि नंतर आठवणीने स्वतःहून फोन करतात.

रात्री नऊ

वहीत तीन नोंदी: बाबांचा चट्टा, सुनेचा डबा, पोराची तीन बोटं. तिन्ही घरं एका हाकेच्या अंतरावर, आणि तिघांकडे तंबाखू वेगवेगळ्या वाटेने पोचलेली. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले. आपल्या राज्यातलं तंबाखूचं दुखणं मुख्यतः तोंडातलं आहे. त्यावर फुप्फुसात ओढायची परकी, बेकायदा नळी हा उपाय म्हणून खपवला जाणं मला मान्य नाही.

तुमच्या घरात कोणी पुडी, मिश्री, विडी किंवा नळी सोडू पाहत असेल आणि सुरुवात कशाने करावी असं विचारत असेल, तर १८००-११-२३५६ या नंबरावर फोन लावून द्या. सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. पैसे पडत नाहीत.